चित्रपटगृहातील ऑर्गन आणि त्याचे वादक : साथीपासून मैफिलीपर्यंत

मराठी संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला ‘ऑर्गन’ म्हटले की आठवते ती पायपेटी, दोन्ही पायांनी भाता चालवत वाजवायची आणि गायकनटाच्या तानेमागे सावलीसारखी जाणारी. या टिपणाचा विषय असलेला थिएटर ऑर्गन वेगळ्या कुळातला आहे. पायपेटीत पितळी रीड कंप पावतात, तर थिएटर ऑर्गनमध्ये हवेच्या दाबावर वाजणाऱ्या शेकडो नळ्या असतात. त्या प्रेक्षागृहाच्या भिंतीआड बांधलेल्या खोल्यांत उभ्या असतात आणि वादक त्यांच्यापासून बराच दूर, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कन्सोलपाशी, म्हणजे पट्ट्या आणि बटणे असलेल्या मेजापाशी बसतो. आज अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात मोजके वादक या वाद्यावर तिकीट लावून मैफिली करतात. मूळ वाद्य मात्र मैफिलीसाठी घडवलेलेच नव्हते. मूकपटाला साथ देणे, आणि ती देताना वाद्यवृंदातील माणसांच्या पगाराचा खर्च वाचवणे, यासाठी ते चित्रपटगृहात आले. साथीदार म्हणून नोकरीला लागलेला हा वादक पुढे स्वतंत्र कलावंत कसा झाला, याची हकीकत म्हणूनच बरीचशी इमारतींची आणि त्यांच्या मालकांची हकीकत आहे.

वाद्याचा जनक रॉबर्ट होप-जोन्स हा इंग्लंडमधील चेशायरचा. त्याचा जन्म १८५९ सालचा आणि पेशा टेलिफोन अभियंत्याचा. बर्कनहेड येथील सेंट जॉन चर्चचा ऑर्गन त्याने विजेच्या तारांवर चालवून दाखवला. पूर्वी पट्टी आणि नळी यांच्यामध्ये लाकडी दांड्यांची यंत्रणा असे आणि त्यामुळे वादकाला वाद्याला चिकटूनच बसावे लागे. आता मध्ये केवळ तारांचा जुडगा उरल्याने कन्सोल चर्चच्या आवारात नेऊन ठेवला, तरी आतल्या नळ्या वाजत. १९०३ मध्ये तो अमेरिकेला गेला, न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे त्याने स्वतःचा कारखाना काढला, आणि तो चालेना तेव्हा १९१० मध्ये आपली पेटंटे आणि आपली माणसे नॉर्थ टोनावांडाच्या वुर्लिट्झर कंपनीच्या हवाली केली. सतत नवे बदल करत राहणारा संशोधक आणि ठरलेल्या तारखेला माल पाठवू पाहणारी कंपनी यांचे जुळले नाही. १९१४ मध्ये रॉचेस्टर येथे त्याने आत्महत्या केली. त्याच्या कल्पनेवर बेतलेले दोन हजारांहून अधिक ऑर्गन त्या कारखान्यातून पुढे बाहेर पडले. त्यातले बहुतेक त्याने पाहिले नाहीत.

ही कल्पना नीट समजून घेतली पाहिजे, कारण वादकाच्या कामाचे स्वरूप तिनेच ठरवले. चर्चच्या ऑर्गनमध्ये साधारणपणे प्रत्येक स्टॉपसाठी, म्हणजे प्रत्येक नादछटेसाठी, नळ्यांची स्वतंत्र रांग लागते. होप-जोन्सने रांगा कमी केल्या, त्यांतील नळ्या वाढवल्या आणि विजेच्या जोडण्यांनी एकच रांग वेगवेगळ्या सप्तकांत, वेगवेगळ्या स्वरपटांवर, म्हणजे हाताने वाजवायच्या पट्ट्यांच्या ओळींवर, उपलब्ध करून दिली. त्यामुळे दहा रांगांचे वाद्यही हाताखाली शंभराच्या आसपास स्टॉप असल्यासारखे वागू लागले. हवेचा दाब चर्चच्या मानाने कित्येक पट वाढवला गेला. नळ्यांच्या खोल्यांना खिडकीच्या झडपांसारख्या उभ्या पट्ट्या बसवल्या गेल्या आणि त्या पायाने उघडून-मिटून आवाज लहान-मोठा करता येऊ लागला. पट्टी नेहमीपेक्षा थोडी खोल दाबली की दुसरीच नादछटा जागी होई, त्यामुळे एकाच हाताने साथ आणि मध्येच उठणारी एखादी ठळक ओळ दोन्ही वाजवता येत. टिबिया नावाची जाड, बासरीसारखी नळी आणि हवेला हेलकावे देणारा ट्रेम्युलंट यांच्या संयोगातून जो डोलणारा, काहीसा गदगदलेला सूर निघतो, तो या वाद्याची ओळख ठरला. चर्चमध्ये वाढलेल्या अनेक ऑर्गनवादकांना तो सवंग वाटे, आणि अतिरेक झाला की तो तसा वाटतोही.

याशिवाय खरे ढोल, झांजा आणि झायलोफोन हवेच्या जोरावर वाजत. घोड्यांच्या टापा, आगगाडीची शिट्टी, पक्ष्यांची किलबिल, दारावरची घंटा आणि समुद्राची गाज यांच्यासाठी वेगळी बटणे असत. पडद्यावर घोडा उधळला की वादकाचा हात तिकडे गेला पाहिजे, अशी अपेक्षा होती. चित्रपटासोबत सूचनापत्रके येत, पण ती दरवेळी वेळेवर येत नसत आणि आली तरी पुरत नसत. १९२४ मध्ये एर्नो रापे यांनी संकलित केलेल्या एका जाडजूड स्वरलिपी-ग्रंथात प्रत्येक पानाच्या कडेला प्रसंगांची आणि भावांची सूची छापलेली होती. पडद्यावरून नजर न हटवता वादकाने ‘पाठलाग’ संपवून थेट ‘अंत्ययात्रा’ किंवा ‘विवाह’ या पानावर उडी मारावी, एवढाच तिचा उद्देश. रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीत विद्यालयात तर चित्रपटाला ऑर्गनची साथ करण्याचे रीतसर शिक्षण दिले जाई.

साथीदाराला नाव नसते. ते मिळवणारा पहिला मोठा वादक जेसी क्रॉफर्ड. १८९५ मध्ये कॅलिफोर्नियात जन्मलेल्या, अनाथालयात वाढलेल्या क्रॉफर्डला संगीताचे औपचारिक शिक्षण फारसे नव्हते. लॉस एंजेलिसनंतर १९२१ मध्ये तो शिकागो थिएटरमध्ये आला आणि तेथे त्याने दोन खेळांमधला वेळ आपलासा केला. दिवे मंद होत, कन्सोल यांत्रिक लिफ्टवरून प्रकाशझोतात वर येई आणि पुढची काही मिनिटे लोक पडद्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहत. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील पॅरामाउंट थिएटर सुरू झाले, तेव्हा तेथील चार स्वरपटांचा आणि छत्तीस रांगांचा वुर्लिट्झर त्याच्यासाठीच घडवला गेला होता. त्याची पत्नी हेलन ही स्वतः वादक होती आणि दुसऱ्या कन्सोलवरून ती त्याच्यासोबत वाजवी. क्रॉफर्डने शास्त्रीय रचनांच्या मागे न लागता त्या काळची प्रेमगीते निवडली आणि गायकाने एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जावे तशी ती वाजवली. ‘ऑर्गनचा कवी’ ही त्याची जाहिरातीतली उपाधी थोडी भडक आहे. तरी त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकताना त्याने किती कमी स्वरांत काम भागवले आहे हे जाणवते, आणि मग ती उपाधी फारशी खटकत नाही.

क्रॉफर्ड पॅरामाउंटमध्ये येऊन वर्षही झाले नव्हते तोच, ऑक्टोबर १९२७ मध्ये, ‘द जॅझ सिंगर’ हा बोलपट प्रदर्शित झाला. पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतील बहुतेक चित्रपटगृहांनी ध्वनियंत्रणा बसवली आणि हजारो वादकांच्या नोकऱ्या गेल्या. पाठोपाठ महामंदी आली. मोठ्या शहरांतील काही प्रासादतुल्य चित्रपटगृहांत मध्यंतराचा ऑर्गन टिकला, बाकी ठिकाणी कन्सोलवर कापड टाकले गेले. क्रॉफर्डनेही १९३३ मध्ये पॅरामाउंट सोडले. रेडिओने काहींना आधार दिला, पण तेथेही १९३५ नंतर हॅमंडचा नळ्यांविना चालणारा विजेचा ऑर्गन आला आणि त्याला ना खोल्या लागत, ना भाता.

ब्रिटनमध्ये मात्र गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. तिथला पहिला वुर्लिट्झर १९२५ मध्ये वॉल्सॉल येथील चित्रपटगृहात बसवला गेला. बोलपट आल्यानंतरही तिथल्या मालकांनी मध्यंतरातील ऑर्गन चालू ठेवला, इतकेच नव्हे तर तीसच्या दशकात नवे ऑर्गन घेतले, त्यांतले बरेचसे कॉम्प्टन या देशी कंपनीचे होते. चित्रपटगृहाबाहेर या वाद्याला नोकरी मिळवून दिली ती रेजिनल्ड डिक्सनने. शेफील्डचा हा तरुण १९३० मध्ये ब्लॅकपूलच्या टॉवर बॉलरूममध्ये रुजू झाला. आदल्या वर्षी बसवलेला तिथला ऑर्गन नाचासाठी उपयोगी पडेल की नाही, याबद्दल शंकाच होती. अवाढव्य दालनात नळीचा आवाज पसरायला वेळ लागतो, आणि नाचणाऱ्या जोडप्यांना ठेका नेमका पायाखाली हवा असतो. डिक्सनने पायांनी खर्जाची मात्रा आणि डाव्या हाताने मधले तुटक स्वरसमूह इतके आखीव मारायला सुरुवात केली की ऑर्गनच तबलजीचे काम करू लागला. १९३५ मध्ये त्याच्याच सांगण्याप्रमाणे तीन स्वरपटांचे आणि चौदा रांगांचे नवे वाद्य तिथे आले. मध्ये युद्धकाळात त्याने हवाई दलात चाकरी केली, तेवढा काळ वगळता १९७० पर्यंत तो त्याच बाकावर बसला. बीबीसीच्या प्रक्षेपणांमुळे समुद्रकिनारी कधी न गेलेल्या घरांतही त्याची सुरावट पोहोचली आणि लोक त्याला ‘मिस्टर ब्लॅकपूल’ म्हणू लागले. वादक आणि इमारत यांची गाठ एवढी घट्ट बसलेले दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

ही गाठ सोडवण्याचा एक धाडसी प्रयत्नही झाला. बीबीसीची नोकरी सोडून रेजिनल्ड फूर्टने १९३८ मध्ये पाच स्वरपटांचा, सुमारे तीस टन वजनाचा ऑर्गन खास प्रवासासाठी बनवून घेतला आणि तो मालमोटारींवर लादून गावोगावच्या नाट्यगृहांत नेला. युद्धाने वाहतूक अशक्य केली आणि ते वाद्य शेवटी बीबीसीकडे गेले.

मैफिलीचा कलावंत म्हणता येईल असा वादक उभा राहिला तो पन्नासच्या दशकात, आणि तोही तबकड्यांमुळे. घरोघरी हाय-फाय यंत्रे येत होती आणि ज्याला ती शेजाऱ्यांना ऐकवायची होती, त्याला खोल खर्ज आणि खणखणीत झांजा असलेली तबकडी हवी होती. जॉर्ज राइट याने ही गरज अचूक ओळखली. १९२० मध्ये कॅलिफोर्नियात जन्मलेल्या राइटने पॅरामाउंटचा बाकही सांभाळला होता, पण त्याचे नाव झाले ते एका हौशी मालकाच्या घरात बसवलेल्या ऑर्गनवरील ध्वनिमुद्रणांमुळे. हा ऑर्गन मूळचा शिकागोच्या पॅराडाइज थिएटरमधला. क्रॉफर्डचा हळुवारपणा आणि जॅझ वाद्यवृंदाची चपळाई राइटने एकत्र आणली. चित्रपटाचा आधार नसतानाही लोक दोन तास हे वाद्य ऐकायला बसतात, हे त्याच्यामुळे ठरले. याच सुमारास, १९५५ मध्ये, लॉस एंजेलिस येथे या वाद्याच्या चाहत्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. चित्रपटगृहे पाडली जात होती आणि ही मंडळी पाडकामाच्या आदल्या आठवड्यात जाऊन नळ्या उतरवून आणत. सॅन फ्रान्सिस्कोचे फॉक्स थिएटर १९६३ मध्ये पाडले गेले. त्याचा ऑर्गन आज हॉलिवूडच्या एल कॅपिटन थिएटरमध्ये वाजतो. क्रॉफर्डचा पॅरामाउंटमधला ऑर्गन कॅन्सस राज्यातील विचिटाच्या सभागृहात गेला. साठ-सत्तरच्या दशकांत काही ऑर्गन पिझ्झाच्या उपाहारगृहांतही पोहोचले. नाके मुरडणाऱ्यांनी ती मुरडली, पण अनेक तरुण वादकांची उमेदवारी तिथेच झाली.

त्यामुळे आजच्या मैफिली वादकाची दिनचर्या व्हायोलिनवादकापेक्षा फार निराळी आहे. त्याचे वाद्य त्याच्या पेटीत नसते. दौऱ्यावर प्रत्येक गावी त्याला अनोळखी ऑर्गन भेटतो. कुठे नळ्यांच्या दोन्ही खोल्या एकाच बाजूला, कुठे त्या छताजवळ, तर कुठे कन्सोल अशा कोपऱ्यात, की श्रोत्यांना जे ऐकू येते ते वादकाला येतच नाही. मैफिलीआधी एक-दोन रात्री, सभागृह रिकामे झाल्यावर, तो स्टॉपच्या जुळण्या एकेका बटणावर बांधून घेतो. नळ्यांच्या खोलीत तेव्हा स्थानिक संघटनेचे स्वयंसेवक शिडीवर चढून बेसूर नळी शोधत असतात. तोंडी आरोळी द्यायची, पट्टी दाबायची, पुन्हा आरोळी, असे तासन्‌तास चालते. बहुतेक ठिकाणी या वाद्याचे खरे पालक हेच निवृत्त अभियंते आणि सुतार आहेत. नळीखालच्या झडपांचे चामडे काही दशकांत कडक होते आणि ते पुन्हा चढवणे हे कित्येक महिन्यांचे काम असते.

रोझा रिओ या वादिकेची कारकीर्द या साऱ्या टप्प्यांतून गेली. १९०२ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे जन्मलेल्या रोझाबाई ईस्टमन विद्यालयात शिकल्या, मूकपटांना साथ करू लागल्या आणि बोलपट आल्यावर न्यूयॉर्कच्या रेडिओ केंद्रांत मालिकांसाठी वाजवू लागल्या. पुढे त्यांनी शिकवण्या केल्या. ऐंशीच्या दशकात जुने मूकपट व्हिडिओ कॅसेटवर येऊ लागले तेव्हा शेकडो चित्रपटांसाठी पुन्हा साथ मुद्रित केली. नव्वदी ओलांडल्यावर त्या फ्लोरिडात राहायला गेल्या. तेथील टॅम्पा थिएटरचा वुर्लिट्झर पूर्वी एका चर्चला विकला गेला होता आणि चाहत्यांनी तो १९८०च्या दशकात परत आणून बसवला होता. त्याच्यावर, वयाची शंभरी उलटल्यानंतरही, त्या मूकपटांना साथ करत राहिल्या. मे २०१० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा १०८व्या वाढदिवसाला काही आठवडे उरले होते. दरम्यान मैफिली वादकांच्या कार्यक्रमपत्रिकेत हमखास मागणी असलेली बाब म्हणून मूकपटाची साथ पुन्हा दाखल झाली होती, फक्त आता जाहिरातीत चित्रपटाच्या शेजारी वादकाचेही नाव छापले जात होते.