स्टोअर-मायग्रेशन

वेब-इंटरफेसमध्ये अनेक कंपोनंट (पानाचे वेगवेगळे भाग) मिळून वापरतात ती माहिती म्हणजे सामायिक स्टेट, आणि ती ठेवण्याची जागा म्हणजे स्टोअर. इंटरफेस बांधण्याच्या तयार सांगाड्याची, म्हणजे फ्रेमवर्कची, नवी आवृत्ती आली की या माहितीचा जुना कोड नव्या सिंटॅक्समध्ये आणावा लागतो. प्रोग्रामरांच्या बोलीत हेच मायग्रेशन.

सामायिक स्टेट बदलले की त्यावर अवलंबून असलेले सगळे आपोआप बदलावे, या कल्पनेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार १९७९ च्या सुमारास झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी मांडलेल्या मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर (माहिती, तिचे दर्शन व नियंत्रण वेगळे ठेवणाऱ्या) रचनेत तिचे मूळ आहे. दुसरे मत त्याच वर्षीच्या व्हिसिकॅल्क या स्प्रेडशीटकडे जाते, कारण तिथे एक घर बदलले की बाकीची गणिते आपोआप बदलत. कोनाल एलियट व पॉल हुडाक यांच्या ‘फंक्शनल रिअ‍ॅक्टिव्ह अ‍ॅनिमेशन’ या १९९७ च्या निबंधापासून सुरुवात धरणारेही आहेत. मात्र मूल्य वाचले जात असतानाच कोणता भाग त्यावर अवलंबून आहे याची नोंद ठेवण्याची पद्धत वेबवर नॉकआउट या लायब्ररीमध्ये (२०१०) स्पष्ट दिसते. आजच्या सिग्नलांचे (बदलताच वापरणाऱ्या भागांना आपोआप कळवणाऱ्या मूल्यांचे) जवळचे पूर्वज म्हणून तेच धरणे अधिक सयुक्तिक वाटते. फ्लक्स (२०१४) व रिडक्स (२०१५) ही एकदिशा प्रवाहाची, म्हणजे माहिती एकाच दिशेने वाहू देणारी, वेगळी शाखा.

उदाहरणादाखल कोल्हापुरातील राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी दाखवणारे पान घेऊन ते स्वेल्ट या फ्रेमवर्कच्या ५ व्या आवृत्तीत (ऑक्टोबर २०२४) आणायचे आहे असे समजू. पातळीचा एकच आकडा वरच्या पट्टीत, आलेखात आणि इशाऱ्याच्या चौकटीत लागतो. ३९ फुटांना इशारा व ४३ फुटांना धोका, हे त्यावरूनच ठरते. पूर्वी हा आकडा ‘रायटेबल’ स्टोअरमध्ये असे आणि नावाआधी डॉलर चिन्ह लावून वाचला जाई. आता तो ‘स्टेट’ रूनमध्ये (रून म्हणजे कंपायलरला सूचना देणारी खास खूण) जातो, आणि त्यावरून ठरणारा इशारा ‘डिराइव्हड’ रूनमध्ये. मॉड्यूलमधून (वेगळ्या कोड-फाइलमधून) एक्स्पोर्ट केलेल्या स्टेटला थेट नवे मूल्य द्यायला गेल्यास कंपायलर अडवतो, म्हणून आकडा ऑब्जेक्टमध्ये ठेवून त्याची प्रॉपर्टी बदलतात. पण तो ऑब्जेक्ट कंपोनंटमध्ये डिस्ट्रक्चर केला, म्हणजे त्यातला आकडा सुट्या नावात काढून घेतला, तर कोणीच अडवत नाही. हाती त्या क्षणाचा आकडा येतो आणि नदी ४३ फुटांवर गेली तरी चौकट ३८ च दाखवत राहते. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडी गावांत ज्या आकड्याकडे पाहून लोक जनावरे हलवतात, तिथे ही चूक किरकोळ मानता येत नाही.

मायग्रेशनची स्क्रिप्ट कंपोनंटमधला सिंटॅक्स बदलते. स्टोअरना हात लावत नाही. ती अजून चालतात, त्यामुळे एकेक करून बदलणे बरे. सर्व्हरवर मॉड्यूलमधले स्टेट सर्व वापरकर्त्यांत एकच राहते. पाणीपातळीला ते चालते. लॉगिन केलेल्याचे नाव तिथे ठेवल्यास दुसऱ्याच्या पानावर उमटू शकते, म्हणून ते कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्या एका पानाच्या कंपोनंटपुरत्या जागेत, ठेवतात.

रिअ‍ॅक्ट या लायब्ररीत असाच बदल २०१९ मध्ये हुक्समुळे (फंक्शन-कंपोनंटमध्ये स्टेट वापरण्याच्या सोयीमुळे) झाला. व्ह्यू नावाच्या फ्रेमवर्कमध्ये व्ह्यूएक्स या स्टोअर-लायब्ररीची जागा पिनियाने घेतली.