बिरडं, पापलेट आणि तोरा: मराठी ज्यू घरात लहान मुलं धर्म कसा शिकत आली

आज ज्यू बालवाडीत गेलात तर शुक्रवारी दुपारी छोट्या टेबलावर दोन मेणबत्त्या, वेणीसारखा पाव, द्राक्षाचा रस आणि भोवती तीन-चार वर्षांची पोरं दिसतील, बायबलातली नोआच्या तारवाची नाहीतर टोपलीतल्या बाळ मोशेची गोष्ट चालू असेल. हे सगळं आधुनिक शिक्षणशास्त्रातून आलंय असं वाटतं आणि बालवाडीचा साचा तसा नवाच आहे, पण शाळेच्या आधीच मुलाच्या तोंडी धर्म घालायचा ही गोष्ट फार जुनी.

तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात म्हटलंय की मूल बोलायला लागलं की बापाने त्याला तोराविषयीचं (तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, ज्यूंचं मूळ धर्मशास्त्र) एक वचन आणि शेमाची, म्हणजे देव एकच असं सांगणाऱ्या प्रार्थनेची, पहिली ओळ शिकवावी. शाळा त्यानंतर. पहिल्या शतकातल्या यहोशुआ बेन गामला या महायाजकाने गावोगावी शिक्षक नेमायला लावले असं तालमूदच सांगतं, पण तिथेही मूल सहा-सात वर्षांचं झाल्यावर, म्हणजे त्याआधीची सगळी वर्षं घराची. मध्ययुगात जर्मनी-फ्रान्सकडच्या ज्यूंमध्ये मुलाला पहिल्यांदा गुरुजींकडे न्यायचे तेव्हा पाटीवरच्या हिब्रू अक्षरांना मध लावायचे आणि पोराने तो चाटायचा. अक्षर गोड लागलं पाहिजे ना.

आता आपल्याकडे या. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांकडे, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंकडे, ना पाटी होती ना हिब्रू अक्षर. त्यांची परंपरा अशी की नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे ते तेलाचे घाणे चालवायला लागले आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले. हाताशी उरलं ते शेमाचं वाक्य, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, सुंता आणि खाण्याचे नियम. पुस्तक नाही, तर मुलांना शिकवायचं कसं? मला वाटतं याचं उत्तर त्यांच्या सणांच्या नावांतच आहे, आणि ही नावं मला अतिशय प्रिय आहेत. वर्षारंभ म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे दार फाळणीचा सण, त्या दिवशी घराची दारं बंद. पुरीम हा राणी एस्तेरच्या गोष्टीचा सण होळीच्या सुमारास येतो म्हणून तो होळीचा सण. आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या शोकाचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा, कारण तो सोडताना पानात वालाचं बिरडं.

रात्री वाल भिजत पडलेत, मग मोड आले, मग आजीच्या शेजारी बसून साल काढायचं, डाळिंबी बोटातून सुळकन निसटते, हे तीन वर्षांच्या पोरालाही जमतं आणि ते त्याला आवडतंही. जेरुसलेम कुठे आहे हे त्याला माहीत नाही, कित्येकदा आजीलाही मूळ गोष्ट नीट सांगता यायची नाही, पण दिवस चुकला नाही.

माशाचंही तसंच. दाविद रहाबीची कथा प्रत्येक घरात सांगितली जाते, की बाहेरून आलेल्या या ज्यू पाहुण्याने वेगवेगळे मासे पुढे ठेवले आणि घरातल्या बाईने खवले आणि पर असलेले तेवढेच निवडले, तेव्हा त्याची खात्री पटली की हे आपलेच लोक. पापलेट चालतं, बांगडा चालतो, कोळंबी आणि खेकडा नाही, हा तोरातला नियम कोकणातलं मूल बाजाराच्या टोपलीपाशीच शिकायचं.

गोष्टी मात्र सविस्तर परत आल्या त्या एकोणिसाव्या शतकात, आणि मराठीतून आल्या. मुंबईत 1796 मध्ये सामुएल दिवेकर यांनी पहिली मशीद (सिनेगॉगला हे लोक मशीदच म्हणायचे) बांधली, मग कोचीनहून शिकवणारे आले, मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता हे खरं, तरी बायबल मराठीत वाचायला मिळालं आणि लोकांनी ते वाचून आपलाच धर्म घट्ट धरला, हे श्रेय दोन्हीकडे द्यायला हवं.

1874 ची पुण्याची हगादा बघा. पेसाहच्या, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायचं हे पुस्तक, हिब्रूच्या सोबत मराठी भाषांतर, आणि चित्रात मात्झा (बिनखमिराची भाकरी) करणाऱ्या बायका लुगड्यात, उकिडव्या बसलेल्या. पेसाहच्या रात्री प्रश्न विचारायचा मान सगळ्यात लहान मुलाचा असतो, आजची रात्र वेगळी का म्हणून. त्या मुलाला चित्रात आपली आईच दिसली असणार.

मग 1880 च्या सुमाराला बेंजामिन अष्टमकर वगैरे मंडळींनी हिंदू कीर्तन ऐकून तसंच आपल्या गोष्टींचं कीर्तन सुरू केलं. अब्राहाम, योसेफ, मोशे, सगळे ओवी-साकीत आणि मराठी चालींवर! विहिरीत टाकलेला योसेफ कीर्तनात ऐकायचा तर वाचता येण्याची गरजच नाही, मांडीवरचं मूलही ऐकतं. माझ्या मते मराठी ज्यूंनी लहान मुलांसाठी केलेलं सगळ्यात मोठं काम हेच, भले ते मुलांसाठी म्हणून केलेलं नसेल. शाळाही निघाली, हाईम सामुएल केहिमकर यांनी 1875 मध्ये सुरू केलेली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली, पण तिथे मूल पोचायच्या आधी घरातलं शिक्षण झालेलं असायचं.

तिकडे पॅलेस्टाईनमध्ये 1898 साली रिशोन लेझियोनला पहिली हिब्रू बालवाडी निघाली, आणि सण गाण्यांतून शिकवायची आजची पद्धत त्याच परंपरेत वाढली. 1948 मध्ये इस्राएल झाल्यावर इथली कुटुंबं तिथल्या रामला, लोद, अश्दोद, बेरशेबा, दिमोनाकडे गेली तशी नातवंडं त्या बालवाडीत बसायला लागली आणि तोराच्या गोष्टी थेट हिब्रूत ऐकायला लागली. घरी मात्र नवस फेडायचा असला की अजून मलिदा होतो, पोहे, गूळ, खोबरं, वर फळं, एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन. ताटाशी घुटमळणारी पोरं विचारतात एलियाहू कोण, आणि आजी अलिबागजवळच्या खंडाळ्याचं सांगते, जिथे त्याचा रथ टेकला आणि खडकावर चाकाची खूण उमटली.