२.१० ची बांगडी २.८ पेक्षा मोठी कशी?

ऑनलाईन बांगड्या घ्यायला गेलं की साईझच्या यादीत २.४, २.६, २.८ आणि मग एकदम २.१० दिसतं, आणि शाळेत दशांश नीट शिकलेला माणूस नेमका इथेच फसतो, कारण त्याच्या हिशोबाने २.१० तर २.४ पेक्षाही लहान. पण ते टिंब दशांशाचं नाहीच. टिंबापुढे इंचाचे सोळावे भाग असतात. २.४ म्हणजे सव्वादोन इंच, २.८ म्हणजे अडीच, आणि २.१० म्हणजे अडीचच्या पुढे अजून दोन सोळांश. एका साईझमधून पुढच्या साईझला १/८ इंच वाढतं, सुताराच्या भाषेत एक सूत. आणि हा सगळा आतला व्यास हं, बाहेरचा नाही.

जुनी बांगडी घरात असेल तर काम सोपं. केंद्र कुठंय ते शोधत बसू नका, पट्टी आतून आडवी धरून हळूहळू सरकवा, जिथे सगळ्यात मोठं माप येईल तोच व्यास. ६ सेंटीमीटरच्या जरासं वर आलं तर २.६, साडेसहाच्या थोडं आत म्हणजे ६.३५ आलं तर २.८. त्रिज्या त्याच्या निम्मी, पण बांगडीसाठी ती कोण विचारतंय!

बांगडीच नसेल तर हात मोजायचा. अंगठा करंगळीकडे दुमडून पंजाच्या सगळ्यात रुंद भागाभोवती कागदाची पट्टी गुंडाळा (दोरा ताणला जातो म्हणून कागद बरा), तो झाला परिघ, त्याला ३.१४ ने भागलं की व्यास. १९ सेंटीमीटर आलं तर व्यास ६.०५, म्हणजे २.६. इथे ३.१४ घ्या नाहीतर २२/७ घ्या, फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाही पडत नाही. गंमत म्हणजे व्यास एक सूत वाढला की परिघ जवळपास बरोबर १ सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे पट्टी अर्धा सेंटीमीटर सैल राहिली तर अर्धा साईझ चुकलाच.

आणि हातात नुसता फुटका तुकडा असेल तर? तरी जमतं. तुकड्याची आतली कड कागदावर आखा, दोन टोकं सरळ रेषेने जोडा, ती जीवा. जीवेच्या मध्यापासून कडेपर्यंतची उंची म्हणजे शर. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत रीत दिलीय: अर्ध्या जीवेचा वर्ग करा, शराने भागा, त्यात शर मिळवा, झाला व्यास. जीवा ४.८ आणि शर १.२ सेंटीमीटर असेल तर अर्ध्या जीवेचा वर्ग ५.७६, भागिले १.२ म्हणजे ४.८, अधिक १.२, एकूण ६. म्हणजे २.६ ची बांगडी.

मात्र शर मोजताना हात हलला तर संपलं. तोच शर १.१ धरला की व्यास ६.३४ येतो, म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीने थेट २.८. तुकडा जितका छोटा तितका शर छोटा आणि चूक तितकी मोठी, म्हणून सगळ्यात लांब तुकडाच उचलायचा.

उत्खननात मडक्यांचे काठ सापडतात तेव्हा पुरातत्त्ववाल्यांपुढे हाच प्रश्न असतो, पण ते बहुतेक वेळा गणित करत बसत नाहीत. एकात एक वर्तुळं आखलेल्या तक्त्यावर खापराचा काठ सरकवत नेतात, ज्या वर्तुळाशी तो नीट जुळला तो मडक्याच्या तोंडाचा व्यास, आणि अख्ख्या काठाचा किती टक्के भाग हातात आहे तेही त्याच तक्त्यावर वाचता येतं.