काकूंचा चष्मा कुठे होता?

समजा, एका रहस्यकथेत असं वाक्य आहे: ‘दिवे गेले तेव्हा उशाजवळचा चष्मा चाचपडूनही न सापडल्याने काकू तशाच भिंत धरून जिना उतरू लागल्या, तेवढ्यात वरून काळीज चिरणारी किंकाळी आली.’ चाळीस पानांनंतर काकू इन्स्पेक्टरला ठामपणे सांगतात, ‘वीज चमकली तेव्हा अंगणातून पळणारा पुतण्या मी जिन्यावरून पाहिला.’ काकूंना लांबचं दिसत नाही, हेही आधी येऊन गेलेलं असतं. तरी वाचक पुतण्याच्याच मागे लागतो.

चांगलं खूनरहस्य असं रचलेलं असतं. मराठी वाक्यात मुख्य क्रियापद शेवटी येतं आणि आपण त्याच्याकडे धावतो. ‘न सापडल्याने’सारख्या दुय्यम तुकड्यात ठेवलेला पुरावा डोळ्यांखालून जातो, पण मनात ठसत नाही. ग्लासगो विद्यापीठातल्या अँथनी सॅनफर्ड आणि सहकाऱ्यांनी प्रयोगात वाचकांना एकच मजकूर दोनदा दिला, दुसऱ्या वेळी एक शब्द बदलून. वाक्याचा रोख ज्यावर नव्हता, तिथले बदल जास्त निसटले. त्यात पाठोपाठ किंकाळी आली की चष्मा विसरलाच म्हणून समजा.

मात्र पुरावा लपवायचा, दडपायचा नाही. गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक दुवा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे, हा नियम इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये लिहून ठेवला. तो पाळला नाही तर कोडं उरतच नाही.

आपली खरी चूक पुढे होते. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1960 मध्ये लोकांना 2-4-6 हे आकडे देऊन त्यांमागचा नियम ओळखायला सांगितलं. बरेच जण 8-10-12 असे आपल्या तर्काला जुळणारेच आकडे तपासत राहिले. नियम होता फक्त ‘चढता क्रम’. 1-2-3 विचारलं असतं तरी ‘दोनाने वाढतात’ हा तर्क कोसळला असता. पुतण्याचंही तेच: कर्ज, भांडण, चिखलाचे बूट, सगळं जुळतच जातं.

म्हणून कागदावर दोन रकाने करा. एकात लेखकाने स्वतः सांगितलेलं, दुसऱ्यात पात्रांनी सांगितलेलं. मग ज्याच्यावर संशय आहे, त्याला निर्दोष ठरवणारी एक गोष्ट शोधा. काकूंची साक्ष दुसऱ्या रकान्यात गेली की पहिल्यातला चष्मा तिच्यासमोर येतो.

तो क्षण मेंदूत टिपता येतो. मार्क बीमन आणि जॉन कुनिओस यांच्या 2004 च्या शब्दकोड्यांच्या प्रयोगात, उत्तर अचानक सुचण्याच्या सुमारे 0.3 सेकंद आधी मेंदूच्या उजव्या कानावर येणाऱ्या भागात गॅमा लहरी, म्हणजे मेंदूतल्या वेगवान विद्युत लहरी, उसळल्या. अडलेलं कोडं काही वेळ बाजूला ठेवल्यावर सुटण्याची शक्यता वाढते, असंही अनेक प्रयोगांत दिसलंय. तेव्हा शेवटचं प्रकरण उघडण्याआधी पुस्तक एक रात्र मिटूनच ठेवा.