फुलपाखरू, वादळ आणि अहिंसा
फुलपाखराच्या फडफडीने दूरदेशी वादळ उठते हे विज्ञानाने सिद्ध केले आहे, म्हणून एकाच्या शुद्ध संकल्पानेही जगातील हिंसा थांबेल, असे खान्देशातल्या सत्संगांत ऐकू येते. ते खरे नाही. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९७२ मध्ये हा केवळ प्रश्न मांडला आणि तीच फडफड वादळ टाळूही शकेल, असे बजावले. १९६१ मध्ये त्यांनी हवामानाच्या संगणकीय प्रतिकृतीत ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरले आणि त्या प्रतिकृतीतले पुढचे सारे हवामानच पालटले. सिद्ध झाली ती भाकिताची मर्यादा, संकल्पाची शक्ती नव्हे. गुंतागुंतीच्या व्यवस्थांत बदल बहुधा असंख्य परस्परसंबंधांतून घडतो. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींचे १९४७ मधले पंढरपूरचे उपोषण आपल्याला आठवते. मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्याआधी कित्येक महिने त्यांनी गावोगाव केलेला प्रचार मात्र आपण (सोयीने) विसरतो.