खाली धावपट्टी दिसत असताना विमान परत का वळते?

डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या सकाळी पुण्यात, लोहगावला उतरू पाहणारे विमान जमिनीजवळ येऊन अचानक नाक वर करते आणि पुन्हा आकाशात झेपावते. अशा वेळी खिडकीपाशी बसलेला प्रवासी हटकून विचारतो, ‘‘अहो, खाली दिवे चांगले दिसत होते, मग उतरवले का नाही?’’ प्रश्न रास्त आहे, कारण त्याला दिवे खरोखरच दिसलेले असतात.

याचे उत्तर झेड ब्रिजवर सापडते. नदीवर धुके पसरलेले असताना कठड्यावरून वाकून पाहिले, तर खालचे पाणी दिसते; मान वर करून लकडी पुलाकडे पाहिले, तर पूल नाहीसा झालेला असतो. सरळ खाली पाहताना नजरेला धुक्याचा काही मीटरांचाच थर भेदावा लागतो, आडवे पाहताना मात्र शेकडो मीटरांचा. विमानातूनही असेच घडते. वरून तिरप्या नजरेला पातळ धुक्यातून धावपट्टी दिसते, पण चाके टेकण्याच्या बेतात विमान त्याच थरात शिरते, वैमानिकाची नजर जवळजवळ आडवी होते आणि क्षणापूर्वीचे दिवे पुसले जातात. माझ्या मते दाट धुक्यापेक्षा हे पातळ धुके अधिक फसवे आहे. दाट धुके निदान आधीच बजावते.

म्हणूनच दृश्यमानता वरून पाहून ठरवत नाहीत, ती धावपट्टीच्या कडेला मोजतात. दोन खांबांमधून प्रकाशाचा झोत सोडून तो वाटेत किती क्षीण झाला हे तपासणारे उपकरण त्यासाठी वापरतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने विकसित केलेले ‘दृष्टी’ हे असेच उपकरण आहे.

उतरणाऱ्या विमानाला वाट दाखवतात त्या आयएलएस (इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम) यंत्रणेच्या रेडिओ लहरी. मध्यरेषेच्या डावीकडे 90 हर्ट्झचा आणि उजवीकडे 150 हर्ट्झचा संकेत प्रबळ असतो. दोन्ही समसमान आले की विमान बरोबर मध्यावर आहे. उंचीसाठीही अशीच जोडी असते आणि ती साधारण 3 अंशांची उतरण आखून देते. पहिल्या, म्हणजे सर्वांत साध्या श्रेणीच्या यंत्रणेवर उतरताना दृश्यमानता किमान 550 मीटर लागते आणि ‘निर्णय-उंची’, म्हणजे उतरायचे की परत वर जायचे हे ज्या उंचीवर ठरवावेच लागते ती, 60 मीटरांपेक्षा कमी ठेवता येत नाही.

या 60 मीटरांपाशी जरा थांबायला हवे. विमान ताशी सुमारे 260 किलोमीटर वेगाने येत असते, म्हणजे सेकंदाला 72 मीटर, आणि जमीन जेमतेम सोळा सेकंदांवर असते. एक वैमानिक उपकरणांवर नजर ठेवून असतो, दुसरा बाहेर दिवे शोधत असतो. ‘मिनिमम्स’, म्हणजे निर्णय-उंची आली, अशी सूचना कॉकपिटमध्ये उमटते. धावपट्टीचे किंवा तिच्याकडे नेणारे दिवे ओळखू आले तर पुढे जायचे, नाहीतर त्याच क्षणी इंजिनांची ताकद वाढवून वर निघायचे. ‘अजून थोडे पाहू’ याला इथे जागा नाही, कारण इंजिने पूर्ण जोर धरेपर्यंत विमान आणखी काही मीटर खाली येतेच.

मग सगळीकडे विमान आपोआप का उतरवत नाहीत? प्रवासी विमानाचे पहिले स्वयंचलित अवतरण 10 जून 1965 रोजी लंडनच्या हीथ्रोवर झाले, आणि आज दिल्लीत तिसऱ्या श्रेणीच्या यंत्रणेवर जेमतेम 50 मीटर दृश्यमानतेतही विमाने उतरतात. मात्र त्यासाठी जमिनीवरील यंत्रणा, विमान आणि वैमानिकांचे प्रशिक्षण, तिन्ही त्या दर्जाचे लागतात.

हवा बिघडत चालली असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. सूर्य उगवला की धुके विरेल असे आपण गृहीत धरतो, पण कोवळ्या उन्हाने जमिनीलगतची हवा ढवळली जाऊन आणि दव उडून ते काही काळ उलट दाटही होऊ शकते. असे बदल नीट समजावेत म्हणून पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 2015-16च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा सविस्तर अभ्यास हाती घेतला.

परत वर गेलेल्या विमानाचा पुढचा हिशेब उड्डाणापूर्वीच झालेला असतो. पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते इंधन आणि त्याशिवाय अर्धा तास घिरट्या घालता येतील इतका राखीव साठा टाकीत असतो. त्यामुळे एखादा दुसरा प्रयत्न करून पाहता येतो. पण पर्यायी विमानतळासाठी राखलेल्या इंधनाला हात लावायची वेळ आली, की वैमानिक घिरट्या थांबवून तिकडचा रस्ता धरतो.