विजयदुर्ग, हेलियम आणि तीस वर्षांच्या अंतराची दोन ग्रहणे

सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्यात काही जुने कट्टे आहेत. गावकरी त्यांना 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. हा साहेब म्हणजे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात त्यांनी याच कट्ट्यांवर दुर्बीण लावली आणि हेलियम शोधला, असे सांगितले जाते. गेली काही वर्षे त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो.

या कथेतला साहेब खरा, ग्रहण खरे आणि त्या ग्रहणाच्या सावलीचा पट्टा विजयदुर्गावरून गेला हेही खरे. पण १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकयर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गला आले १८९८ साली, वेगळ्या ग्रहणासाठी, आणि तोवर हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षे होत आली होती. तीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन गोष्टी लोकांच्या आठवणीत एकमेकींत मिसळल्या. त्या सुट्या केल्या तर हाती येणारा इतिहास ऐकीव कथेपेक्षा जास्त चमत्कारिक आहे.

सुरुवात एका पिवळ्या रेषेपासून करावी लागते. सूर्यप्रकाश बारीक फटीतून घेऊन लोलकातून पसरवला की सप्तरंगी पट्टा, म्हणजे वर्णपट, मिळतो, आणि पट्टा पुरेसा लांब केला तर त्यात काळ्या रेषा दिसतात. १८१४ च्या सुमारास जर्मनीत योसेफ फ्राउनहोफर यांनी त्या नीट मोजल्या आणि ठळक रेषांना अक्षरे दिली. पिवळ्या भागातल्या जोडरेषेला 'डी' अक्षर आले. १८५९-६० मध्ये किर्कहोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवले, की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी येतात आणि डी ही सोडियमची रेषा आहे. तेव्हापासून सूर्याला हात न लावता त्यात काय आहे हे सांगता येऊ लागले.

पण काळ्या रेषा सूर्याच्या झगझगीत पृष्ठभागाबद्दल सांगतात. ग्रहणात चंद्राच्या काळ्या चकतीच्या कडेने गुलाबी ज्वाळा दिसतात, त्या कशाच्या आहेत हे कोणालाच माहीत नव्हते. त्या सूर्याच्या आहेत, चंद्राच्या नव्हेत, एवढे १८६० च्या स्पेनमधल्या ग्रहणातल्या फोटोंवरून ठरले होते. ज्वाळा तापलेल्या वायूच्या असतील तर त्यांच्या वर्णपटात चमकत्या सुट्या रेषा दिसायला हव्यात, आणि १८६८ चे ग्रहण ही तपासणी करण्याची पहिली चांगली संधी होती. सावली एडनकडून येऊन कोकण किनारा, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणम असा भारत ओलांडून पुढे सयामला (आजच्या थायलंडला) जाणार होती आणि खग्रास स्थिती भारतात पाच मिनिटांहून जास्त टिकणार होती.

विजापूरला कॅप्टन हेग, जमखिंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल (प्रसिद्ध हर्शेल घराण्यातले), गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सचे पियेर जान्सन, मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पोगसन अशी मंडळी वाटेवर पसरली. ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा. जमखिंडीत ढगांनी बराच वेळ खाल्ला आणि ढग फाटले तेवढ्यात हर्शेल यांनी तीन रेषा पाहिल्या : तांबडी, नारिंगी, निळी. सगळ्यांचा निष्कर्ष सारखाच आला. रेषा चमकत्या आहेत, म्हणजे ज्वाळा वायूच्या आहेत, आणि त्यात हायड्रोजन भरपूर आहे.

मग पिवळी-नारिंगी रेषा? ती डी रेषेच्या जागेवर किंवा अगदी लगत होती. बहुतेकांनी सोडियम म्हणून सोडून दिले. पोगसन यांच्या नोंदीत मात्र ती डीवर नेमकी बसते का, याबद्दल शंका राहिली.

त्यांना दोष देण्याआधी आकडे पाहावेत. सोडियमच्या जोडरेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर आहेत आणि ही तिसरी रेषा ५८७.६ वर. फरक जेमतेम १.४ नॅनोमीटरचा. घरच्या घरी त्याचा अंदाज घेता येतो. चपलांच्या खोक्याच्या एका टोकाला ब्लेडच्या दोन तुकड्यांमध्ये ०.२ मिलिमीटरची फट ठेवा, दुसऱ्या टोकाला जुनी सीडी तिरकी बसवा आणि वरच्या भोकातून सीडीवरचे प्रतिबिंब पाहा. सीडीवरचे माग १.६ मायक्रोमीटर अंतरावर, म्हणजे मिलिमीटरला सुमारे ६२५ असतात. एवढ्या जाळीने १.४ नॅनोमीटरचा फरक साधारण एक विसांश अंश कोनात पसरतो, आणि २५ सेंटिमीटरवरून ०.२ मिलिमीटरची फटही जवळपास तेवढ्याच कोनाची दिसते. म्हणजे दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून जेमतेम सुट्या होतील. फट अर्धा मिलिमीटर झाली की त्या एकच दिसणार. सोडियम पाहायचा असेल तर मिठाच्या पाण्यात भिजवलेली तार गॅसच्या निळ्या आचेत धरा, पिवळी रेषा उठून दिसते. खोके सूर्याकडे थेट मात्र रोखू नका, डोळा जाईल. पांढऱ्या ढगाकडे किंवा सूर्यप्रकाशातल्या भिंतीकडे रोखले तरी काम होते. आता हेच काम ढगाळ हवेत, हलत्या प्रतिमेवर, पाच मिनिटांत, हाताने लिहून घेत करायचे आहे असे धरा. रेषा दिसणे आणि तिची जागा मोजणे यांत केवढे अंतर आहे ते लक्षात येईल.

ग्रहण कमी पडले ते इथे. जागा मोजायला वेळ हवा होता, आणि वेळ मिळवून दिला ग्रहणाशिवाय ज्वाळा पाहण्याच्या युक्तीने. गुंटूरला खग्रास स्थिती संपताच जान्सन यांच्या मनात आले, की या रेषा इतक्या तेजस्वी आहेत तर त्या एरवीही दिसायला हव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी, १९ ऑगस्टला, त्यांनी स्पेक्ट्रोस्कोपची (वर्णपट पाहण्याच्या उपकरणाची) फट सूर्याच्या कडेवर नेऊन ठेवली आणि रेषा सापडल्या.

ही युक्ती चालते कशी? दिवसा सूर्याभोवतीचे आकाश ज्वाळांपेक्षा कितीतरी उजळ असते, म्हणून त्या नुसत्या दुर्बिणीतून दिसत नाहीत. पण आकाशाचा प्रकाश सगळ्या रंगांचा असतो. लोलक वाढवत गेले की तो लांब पट्ट्यावर पसरून पातळ होतो. ज्वाळेचा प्रकाश मात्र दोनचार ठरलेल्या रंगांतच असतो, त्याला पसरायला जागाच नाही. त्या रेषा एकमेकींपासून दूर जातात, पण प्रत्येकीचे तेज टिकून राहते. पुरेसे लोलक असले की पार्श्वभूमी मावळते आणि रेषा उरतात.

लॉकयर यांना हीच कल्पना १८६६ मध्येच सुचली होती. ते पेशाने लंडनच्या युद्धखात्यात कारकून आणि खगोलशास्त्र फावल्या वेळात. (पुढे, नोव्हेंबर १८६९ मध्ये, त्यांनी 'नेचर' हे साप्ताहिक सुरू केले.) हाताशी असलेले उपकरण अपुरे पडले. नवे, जास्त ताकदीचे उपकरण घडायला फार वेळ लागला आणि ते हाती आले ऑक्टोबर १८६८ मध्ये. २० ऑक्टोबरला त्यांना ज्वाळेच्या रेषा दिसल्या, इंग्लंडमध्ये आणि ग्रहणाविना. जान्सन यांचे पत्र आंध्रच्या किनाऱ्यावरून बोटीने पॅरिसला जात होते. २६ ऑक्टोबरला फ्रेंच अकादमीच्या एकाच बैठकीत, काही मिनिटांच्या अंतराने, दोघांच्या बातम्या पोचल्या. वाद घालण्याऐवजी फ्रेंच सरकारने १८७२ मध्ये दोघांचे चेहरे असलेले पदक पाडले. ते पदक ज्वाळा पाहण्याच्या पद्धतीसाठी होते. हेलियमचा त्याच्याशी संबंध नाही, हे बहुतेक जण विसरतात.

हेलियमची गोष्ट खरी सुरू झाली लॉकयर यांच्या त्या सावकाश, रोजच्या मोजमापांतून. तांबडी रेषा हायड्रोजनच्या जागी नेमकी बसत होती, पिवळी मात्र सोडियमच्या दोन्ही रेषांच्या बाजूला, निळ्याच्या अंगाला सरकलेली होती. तिला 'डी-३' म्हटले गेले. शिवाय फ्राउनहोफरच्या काळ्या रेषांत त्या जागी काहीच नव्हते. आज कारण माहीत आहे : ही रेषा उमटायला हेलियमचा अणू आधीच बऱ्याच वरच्या ऊर्जापातळीवर लागतो आणि सूर्याच्या पृष्ठभागावर तसे अणू फार थोडे असतात. तेव्हा ते गूढ होते. कदाचित हायड्रोजनच वेगळ्या दाबाखाली अशी रेषा देत असेल म्हणून लॉकयर आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी प्रयोगशाळेत नळ्यांतल्या हायड्रोजनचे दाब आणि तापमान बदलून पाहिले. डी-३ आली नाही. १८७१ मध्ये एडिंबरोच्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांच्या अध्यक्षीय भाषणातून 'हेलियम' हे नाव जाहीर झाले, ग्रीक 'हेलिओस' म्हणजे सूर्य यावरून. नावाची 'इयम' ही शेपटी धातूंची आहे. पुढे आलेल्या निऑन, अरगॉन या भावंडांच्या नावांशेजारी ती अजूनही खटकते.

त्यानंतर जवळपास पाव शतक हेलियम हे एका रेषेचे नाव राहिले. बाटलीत भरता न येणारे मूलद्रव्य मानायला रसायनशास्त्रज्ञ तयार नव्हते, आणि त्यांचे बरोबरच होते. ते का, हे लेखाच्या शेवटी दिसेल.

मार्च १८९५ मध्ये लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमझी अरगॉन या वायूच्या शोधात होते. अमेरिकेत हिलेब्रँड या रसायनशास्त्रज्ञांनी युरेनियमचे खनिज आम्लात उकळल्यावर एक निष्क्रिय वायू मिळवला होता आणि त्याला नायट्रोजन समजून बाजूला ठेवले होते. रॅमझींनी क्लेव्हाइट हे तसलेच खनिज घेतले, आम्लात उकळले, निघालेल्या वायूतला नायट्रोजन काढून टाकला आणि उरलेल्या वायूत ठिणगी पाडली. पिवळी रेषा आली, पण सोडियमच्या जागी नाही. विल्यम क्रूक्स यांनी मोजून ५८७.४९ नॅनोमीटर सांगितले. डी-३ आणि हेलियम एकच निघाले. अठ्ठावन्न वर्षांच्या लॉकयर यांना ती रेषा पृथ्वीवरच्या नळीत पाहता आली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये क्लेव्हे आणि लांग्ले यांनीही वायू मिळवून त्याचा अणुभार मोजला.

युरेनियमच्या दगडात हा वायू का, ते किरणोत्साराच्या शोधानंतर कळले. अल्फा कण म्हणजे हेलियमचे केंद्रक. युरेनियम-२३८ चा एक अणू शिसे होईपर्यंत असे आठ कण सोडतो आणि ते खनिजात अडकून राहतात. हवेत आलेला हेलियम हलका असल्यामुळे हळूहळू अवकाशात निसटतो, म्हणून हवेच्या दहा लाख भागांत तो जेमतेम पाच भाग उरतो. वाढदिवसाच्या फुग्यातला वायू हवेतून काढलेला नसतो, तो नैसर्गिक वायूच्या विहिरींतून येतो. १९०३ मध्ये कॅन्ससच्या डेक्स्टर गावी निघालेला वायू पेटेचना, आणि १९०५ मध्ये त्यात जवळपास दोन टक्के हेलियम असल्याचे आढळले.

आता विजयदुर्गाकडे. एखाद्या ठिकाणी खग्रास ग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा येते. विजयदुर्गाच्या वाट्याला तीस वर्षांत दुसऱ्यांदा आले, २२ जानेवारी १८९८ रोजी. गोंधळाचे मूळ या योगायोगात आहे. या वेळी सावली कोकणातून वर चढत करमाळा आणि विदर्भावरून पुढे गेली. जानेवारी असल्याने आकाश निरभ्र, रेल्वे हाताशी. करमाळ्याच्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल, पुलगावला न्यूऑल, त्याच्याजवळ तळणीला माँडर दांपत्य आणि एव्हरशेड हे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ. आणि विजयदुर्गाच्या किल्ल्यात, मेलपोमेनी या युद्धनौकेवरच्या अधिकारी-खलाशांना हाताशी घेऊन, सर नॉर्मन लॉकयर. कट्टे या तळाशी जुळतात. जड दुर्बिणी आणि कॅमेरे थरथर न होता उभे करायला असेच पक्के चौथरे लागतात. गमतीची बाब म्हणजे लॉकयर यांचा पश्चिम किनाऱ्यावरच्या समुद्री किल्ल्यातला हा दुसरा मुक्काम होता. १२ डिसेंबर १८७१ चे ग्रहण त्यांनी केरळातल्या बेकल किल्ल्यावरून पाहिले होते.

विजयदुर्गला मुख्य हत्यार होते लोलक-कॅमेरा. यात फट नसते, दुर्बिणीच्या भिंगापुढेच मोठा लोलक बसवतात. ग्रहणात सूर्याची उरलेली बारीक कोरच फटीचे काम करते, म्हणून रेषांऐवजी फोटोत रंगागणिक एक कमान किंवा कडे उमटते. खग्रास स्थिती दोनच मिनिटांची आणि तिच्या दोन्ही टोकांना क्षणभर झळकणारा चमकत्या रेषांचा वर्णपट तर काही सेकंदांचा. प्लेट बदलायला कोणी अडखळला, की संपले. म्हणून एकाने सेकंद मोठ्याने मोजायचे, एकाने झाकण काढायचे, एकाने प्लेट द्यायची, अशी कवायत आधी पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागते. कवायतीची सवय असलेले खलाशी याला उत्तम.

त्या वर्षीच्या फोटोंनी हेलियम शोधला नाही, पण दुसऱ्या एका 'मूलद्रव्याची' जागा दुरुस्त केली. १८६९ च्या अमेरिकेतल्या ग्रहणात सूर्याच्या बाहेरच्या प्रभामंडलात एक हिरवी रेषा दिसली होती आणि हेलियमच्याच धर्तीवर तिच्या मालकाला 'कोरोनियम' नाव मिळाले होते. रेषा ५३१.७ नॅनोमीटरवर धरली जात होती, १८९८ मध्ये ती ५३०.३ वर असल्याचे कळले. पुन्हा १.४ नॅनोमीटरचाच फरक! कोरोनियम पुढे कोणत्याही दगडात सापडले नाही. १९४० च्या आसपास स्वीडनचे बेंग्ट एडलेन यांनी दाखवले, की ती रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. म्हणजे नुसत्या रेषेवरून मूलद्रव्य न मानणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांचे बरोबरच होते. लोखंडाची अशी अवस्था व्हायला दहा लाख अंशांहून जास्त तापमान लागते, आणि त्याखालचा सूर्याचा पृष्ठभाग तर साडेपाच हजार अंशांचाच. बाहेरचे मंडल आतल्यापेक्षा इतके तापते कसे, याचे पक्के उत्तर आजही शोधले जात आहे.